आत्याचा रविवार

आत्याच्या घरी रविवारची उपासना संपत आली की ती एकच प्रश्न विचारायची. येशू तुला कोण वाटतो? गीतं म्हणून झालेली असत, शास्त्रपाठ झालेला असे, प्रार्थनाही झालेली असे. पेटीचा भाता मिटला की ती चष्मा काढून पदराला पुसायची आणि समोर बसलेल्यांपैकी कुणा एकाकडे बघून विचारायची. प्रश्न तिचा नव्हता. फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना वाटेत येशूनेच तो शिष्यांना केला होता. आधी विचारलं की लोक मला कोण म्हणतात, आणि मग, तुम्ही काय म्हणता. आत्या पहिला भाग गाळायची. लोक काय म्हणतात ते आम्ही गावात रोजच ऐकत होतो.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. नव्वदीला टेकली होती, अंथरुणाला फार दिवस खिळली नाही. शेजारणी म्हणाल्या, बाईचं सोनं झालं. पिकलं पान गळालं की लोक असंच म्हणतात, आणि त्यात खोटं काही नसतं. पण त्या समजुतीने माझं काही भागत नाही. मला तो प्रश्न आता कुणी विचारत नाही. पुण्यात मी ज्या मोठ्या मंडळीत जातो तिथे संगीत उत्तम आहे, उपदेश अभ्यासू आहेत, पडद्यावर वचनं येतात. येशू कोण हे तिथे दर रविवारी मला सांगितलं जातं. आत्या मला ते विचारायची.

आत्याचं घर सोनारीत, परांडा तालुक्यातलं हे गाव काळभैरवनाथाचं. देवळाभोवतीची माकडं आणि चैत्रातली यात्रा यांमुळे ते लांबलांबच्या लोकांना माहीत आहे. माझी आई मी लहान असतानाच गेली, वडील सोलापूरच्या गिरणीत पाळ्या करायचे, म्हणून मला आत्याकडे ठेवलं. तिने लग्न केलं नव्हतं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकून ती सरकारी नोकरीत लागली आणि सोनारी व आजूबाजूच्या वस्त्या तिच्याकडे आल्या. गाव तिला नर्सबाई म्हणे, म्हाताऱ्या नुसतंच बाई म्हणत. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. रविवारी आसपासच्या खेड्यांतून चार-पाच घरं यायची, कुणी सायकलवर, कुणी बैलगाडीत, बरेचसे पायीच. आल्यावर एकमेकांना सलाम करायचे, पाय धुवायचे आणि पडवीत सतरंजीवर बसायचे.

यात्रेच्या दिवसांत रविवारची वेळ बदलायची, कारण आत्याची ड्यूटी देवळाजवळच्या मांडवात असे. उन्हाने भोवळ आलेल्यांना ती मीठ-साखरेचं पाणी पाजायची, गुलालाने चुरचुरणारे डोळे धुऊन द्यायची. बाहेरगावचा कुणी पाहुणा चौकशी करे की बाई, तुमचा देव कोणता. ती म्हणे, "येशू." "नवसाला पावतो का?" "नवस बोलायच्या आधीच आलाय तो." आणि पुढच्याची नाडी बघायला लागे. हे ती वाद घालायला म्हणत नसे. नाथाच्या यात्रेत उभं राहून नाथाबद्दल वेडंवाकडं बोलणं तिला कधी सुचलं नाही आणि स्वतःच्या प्रभूबद्दल गप्प राहणंही जमलं नाही.

तिच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं मला अजून आठवतात. वीटभट्टीवर काम करणारे एक काका म्हणाले होते, "मुकादम आहे, पण हजेरी मांडत नाही." बायको नुकतीच गेलेला एक जण बराच वेळ काही बोललाच नाही आणि मग म्हणाला, "रात्री जागा असतो तो." एक आजी दर खेपेला "माझा बाप" एवढंच म्हणायच्या. त्यांचा सख्खा बाप दारुडा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या दोन शब्दांनंतर कुणी काही विचारत नसे. मी एकदा शाळेतल्यासारखं उत्तर दिलं होतं, देवाचा एकुलता एक पुत्र. आत्या म्हणाली, "बरोबर आहे. आणि?" ते "आणि" मला त्या वयात फार छळायचं.

उत्तरांना ती बरं-वाईट म्हणत नसे, पण तिच्या मनात शिक्षण पक्कं होतं. दोन-तीन महिन्यांनी सोलापूरकडून पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी यायचे. त्यांच्या तोंडून मी निकीयाची परिषद पहिल्यांदा ऐकली. इ.स. 325 मध्ये तिथे जमलेल्या बिशपांपुढे वाद होता तो आरियसच्या मताचा. पुत्र थोर खरा, पण तोही निर्माण केलेलाच, असं तो म्हणे. परिषदेने ठरवलं की नाही, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. पुढे 451 मध्ये खल्कदोनच्या परिषदेने आणखी सांगितलं की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, एकात दुसरं कालवलेलं नाही आणि एकापासून दुसरं तोडलेलंही नाही. पाळकसाहेब हे सांगत असताना पडवीतले निम्मे लोक पेंगायला आले होते. ते गेल्यावर आत्याने मला बोलावून घेतलं. आदल्या रात्री ती एका वस्तीवर बाळंतपणाला गेली होती, सकाळीच परतली होती. हात धुऊनही तिच्या नखांच्या कडा तांबूस होत्या. म्हणाली, "तो पाण्यावर चालला यावर विश्वास ठेवायला मला कधी त्रास झाला नाही. देव आहे, चालेल. पण तो असा आला, नाळेला जोडलेला, रक्ताने माखलेला, कुणीतरी पायाला धरून उचलल्यावर रडला, आणि तरी देवच होता. पाळकसाहेब सांगत होते ते हे. हे मानायचं म्हणजे बाईच्या अंगावरचं, गरिबाच्या अंगावरचं काहीच ओंगळ म्हणता येत नाही."

पुढे मी ख्रिस्तविद्येवर बरंच वाचलं. आरियस, अथनासियस, दोन स्वभाव, एक व्यक्ती. ते वाचायला हवंच. आपल्या भाषेत तर या प्रश्नाला चारशे वर्षं झाली, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 सालचं आहे. पण इतकं वाचूनही त्या सकाळच्या पलीकडे मी फारसा गेलो आहे असं मला वाटत नाही. येशू नुसता थोर गुरू होता असं म्हटलं की देव वर सुरक्षित राहतो आणि नुसता देव होता, माणसाचं सोंग घेऊन आला होता, असं म्हटलं की त्याचं दुःख खोटं ठरतं. दोन्हींकडे आपली सोय होते. आत्याची सोय होत नव्हती. तिला रोज कुणाच्या ना कुणाच्या देहाला हात लावावा लागत होता.

1972 च्या दुष्काळाचं मला जे आठवतं ते मुख्यतः पाण्याचं आहे. विहिरी तळाला गेल्या होत्या. मोठी माणसं खडी फोडायला जायची, आम्हाला शाळेत सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकरी, जी गिळताना घशाला लागायची. पाण्यावरून गावोगाव भांडणं होती आणि पाण्याच्या रांगेत कुणी कुठे उभं राहायचं हे कुणी लिहून ठेवलेलं नसलं तरी सगळ्यांना पाठ होतं. आत्याच्या ओसरीवर माठ होता आणि त्यावर एक पितळेचा तांब्या. जो येईल त्याने त्याच तांब्याने प्यायचं. उपासनेत तिने त्या दिवसांत पुन्हापुन्हा शोमरोनातल्या विहिरीची गोष्ट वाचायला लावली. भर दुपार, येशू चालून थकलेला, जवळ पोहरा नाही, आणि ज्या जातीच्या भांड्याला यहुदी माणूस तोंड लावत नसे त्या जातीच्या बाईपाशी तो पाणी मागतो. आत्याचं म्हणणं असं की उपदेश त्याने नंतर केला, आधी हात पुढे केला. देणारा होणं सोपं असतं. दुसऱ्याला देणारा होऊ देणं, तेही ज्याच्या हातचं घ्यायचं नाही असं शिकवलेलं आहे त्याला, हे त्याने केलं. महाडच्या तळ्यावर 1927 साली जे मागितलं गेलं ते ज्यांच्या वाडवडिलांना मिळालं नव्हतं, त्यांनीच ती पडवी भरलेली होती. विहीर म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आणि तरी आमच्याच मंडळीत ते घडलं. आमच्यातली काही घरं महारवाड्यातून आलेली होती, आमचंही त्यातलंच, आणि दोन घरं मांगवाड्यातून आलेली. बाप्तिस्मा एक, गीतं एक, पण माझ्या वडिलांचा एक चुलतभाऊ त्या दोन घरांनंतर तांब्याला हात लावत नसे. घरून बाटलीत पाणी आणायचा. कुणी काही बोलत नव्हतं. प्रभुभोजनाला पाळकसाहेब एक लाकडी तबक आणायचे, त्यात इवल्या काचेच्या पेल्या ओळीने खोचलेल्या. मनुका भिजवून उकळून काढलेला रस आत्याच करायची आणि त्या पेल्यांत थेंबभर थेंबभर भरायची. एकदा भरता भरता तिचा हात थांबला. पाळकसाहेबांना म्हणाली, "एकच प्याला घेऊ या." ते भले गृहस्थ होते, म्हणाले, "बाई, आरोग्याच्या दृष्टीने वेगळ्या पेल्या बऱ्या." ती म्हणाली, "साहेब, आरोग्याचं मी बघते. या पेल्यांच्या आड काय लपतं ते तुम्ही बघा." त्या रविवारी स्टीलचा एक पेला फिरला. चुलते उठून गेले. पुढे कधी आले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी तिने फिलिप्पैकरांस पत्रातला दुसरा अध्याय वाचायला दिला. येशूने देवाशी असलेली बरोबरी धरून ठेवली नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण पत्करलं. तो कोण हे सांगणारा इतका उंच उतारा नव्या करारात क्वचितच असेल. हे आधीपासून मंडळ्यांत गायलं जाणारं स्तोत्र असावं असं अनेक अभ्यासक मानतात. आत्याला अभ्यासक माहीत नव्हते. तिला दिसलं ते असं की पौलाने ते लिहिलं भांडणाऱ्या लोकांना. त्याच पत्रात पुढे तो दोन बायांची नावं घेऊन त्यांना एकमनाने राहायला विनवतो. म्हणजे येशू देव असून खाली कसा आला हे त्याने जगाला तत्त्वज्ञान म्हणून सांगितलेलं नाही. एका मंडळीला एकत्र कसं राहायचं ते सांगताना त्याला ते सांगावं लागलं. "भांडण नसतं तर आपल्याला हे कळलंही नसतं," असं ती म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. चुलते तिच्याबरोबर लहानाचे मोठे झाले होते. त्यांच्या घरी ती पुढे औषध घेऊन जात राहिली. ते औषध घेत. पाणी विचारत नसत.

तिच्या पत्र्याच्या पेटीत ख्रिस्तायनाची एक प्रत होती, पाठीला खळ लावून चिकटवलेली. संध्याकाळी कंदिलाखाली मी वाचायचो आणि ती दवाखान्याचा कापूस वळत बसायची. रेव्हरंड टिळकांनी ते काव्य सुरू केलं, पण त्यांच्या हातून दहाएक अध्यायच झाले. 9 मे 1919 ला ते मुंबईत वारले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा ठाऊक नव्हती, ज्यांना अक्षरओळखही नवऱ्यानेच करून दिली होती. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार मोडला, त्या सोवळंओवळं सांभाळत वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांच्या मनातली जातच सुटली आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी स्मृतिचित्रांत इतक्या मोकळेपणाने लिहिलं आहे की वाचणाऱ्याने आपल्या घरातली गोष्ट म्हणून ऐकावं. 1936 मध्ये त्याही गेल्या आणि ख्रिस्तायन दोन वर्षांनी छापलं गेलं. येशू कोण याचं उत्तर टिळकांनी अर्धवट सोडलं आणि ज्या बाईने त्या उत्तरापायी सगळ्यांत जास्त सोसलं होतं तिने ते पुढे नेलं. एकट्याच्या आयुष्यात ते पुरं होणारं नव्हतं, असं मला आता वाटतं. लहानपणी मला फक्त टिळकांचे अध्याय कुठे संपतात ते कळायचं, कारण तिथे आत्याच्या हाताची एक बारीक पेन्सिलीची रेघ होती.

टिळकांची आणखी एक गोष्ट ती जीव लावून सांगायची. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. शेवटी शेवटी, 1917 मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. त्या दरबारात ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही यावा, बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेलाही. नगरच्या त्यांच्या घरात बालकवी असेच राहिले होते, हिंदूच राहून, त्या घरचे होऊन. टिळकांच्या मागे तो दरबार टिकला नाही. आत्या त्याबद्दल बोलताना कधीच संपलेल्या गोष्टीसारखी बोलत नसे.

याला कारण आमच्या दारातली मावशी. आळीतलीच, नाथाची भक्त, दर रविवारी ताकाचा लोटा घेऊन यायची आणि उंबऱ्याला टेकून बाहेर बसायची. गीतं तिला पाठ झाली होती. आत कुणी जागा करून दिली तरी येत नसे. आत्याने तिला तो प्रश्न कधीही विचारला नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "विचारलं तर ती उत्तराला बांधली जाईल. घरी सून आहे, भावकी आहे. तिचं तिला बोलू दे, बोलायचं तेव्हा."

आत्याला पुरायला गावात ख्रिस्ती स्मशानभूमी नाही. परांड्याकडच्या आमच्या मंडळीतल्या एका घराने आपल्या शेताच्या बांधाला जागा दिली, त्या मांगवाड्यातून आलेल्या दोन घरांपैकी एकाने. पाऊस पडत होता, खड्ड्यात पाणी भरत होतं, पोरं बादलीने उपसत होती. चुलते केव्हाच वारले आहेत. त्यांची सून आली होती. ती कुणाशी बोलली नाही, पण माती लोटून झाल्यावर त्या घरी सगळ्यांबरोबर चहा घेतला. मी हे लिहितो आहे खरं, पण त्याचा काही मोठा अर्थ लावायचं धाडस मला होत नाही. थंडी होती, चहा सगळ्यांनाच हवा होता.

तेव्हापासून रविवार बंद आहे. तरुण मंडळी मोबाईलवर मोठमोठ्या प्रचारकांच्या सभा बघतात. त्यांना दोष देणार नाही, त्यांना तिथे धीर मिळतो. पण सभेत शेजारी कोण बसलंय, त्याच्या भांड्याला आपण तोंड लावणार का, हे मोबाईल विचारत नाही. आणि ते विचारणारं कुणी नसलं की येशूबद्दलची आपली सगळी वाक्यं बरोबर असूनही कोरडी पडतात. हे मी तावातावाने म्हणतो, कारण माझीही वाक्यं अलीकडे तशी झाली आहेत.

घर आवरायला गेलो तेव्हा मावशी आली. आता ती फार वाकली आहे. सवयीने उंबऱ्यालाच टेकली. "रविवारचं बंद केलं व्हय?" म्हणाली. मी सांगितलं, शेतावरच्या घरचे पुन्हा सुरू करायचं म्हणतायत, त्यांच्या गोठ्यापुढच्या पडवीत. थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागली. "बाई समद्यास्नी इचारायची, मला नाय इचारलं. मी मनात म्हनायची, मला इचारलं तर काय सांगू? मला काय वाचाया येत न्हाई. त्यो कोन हाय ते मला नीट न्हाई सांगता यायचं. पर मी कोन हाय ते त्येला ठावं हाय, येवढं कळतंय." आणि मग सुनेच्या गुडघेदुखीचं सांगत बसली.

आता या भागात नवे, तरुण पाळक आले आहेत. मनाने चांगले आहेत, कष्टाळू आहेत. शेतावरच्या उपासनेला त्यांची संमती आहे, फक्त पटावर नाव असलेल्या सभासदांपुरती असावी असं त्यांचं मत आहे, उगाच गावात गैरसमज नकोत म्हणून. दिवस कसे आहेत ते मलाही दिसतं, त्यांची काळजी खोटी नाही. मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं, साताऱ्याच्या दरबाराबद्दल, स्टीलच्या पेल्याबद्दल आणि उंबऱ्यावर बसणाऱ्या एका बाईबद्दल. उत्तर अजून आलेलं नाही. पहिली उपासना येत्या रविवारी सकाळी साडेनऊला ठरली आहे. शनिवारी रात्री मी पुण्याहून निघेन. मावशीला शेतापर्यंत चालवणार नाही, म्हणून कुणाची मोटारसायकल मिळते का ते बघतो आहे.